हशाच्या पोथ्या

२०२१च्या ऑक्टोबरात ‘साइनफेल्ड’ ही गाजलेली अमेरिकन विनोदी मालिका नेटफ्लिक्सवर दाखल झाली आणि तिच्या एका भागातला खड्डाच गायब झाला. भागाचं नाव ‘द पॉटहोल’, म्हणजे रस्त्यातला खड्डा. मालिकेतल्या जॉर्जच्या किल्ल्या त्या खड्ड्यात पडतात आणि वरून खड्डा बुजवला जातो, एवढ्या भांडवलावर सगळी गंमत उभी आहे. पण जुन्या टीव्हीच्या जवळजवळ चौकोनी पडद्यासाठी बेतलेलं चित्र आजच्या रुंद पडद्यावर बसवताना वरची आणि खालची पट्टी छाटली गेली, आणि खड्डा नेमका खालच्या पट्टीत होता. जॉर्ज खाली बघतो, त्याच्याबरोबर प्रेक्षकही खाली बघतो, आणि तिथे काहीच नाही. ज्यांच्या फडताळात याच मालिकेच्या २००४पासून निघालेल्या डीव्हीडींचे डबे होते, त्यांचा खड्डा मात्र शाबूत राहिला.

टीव्हीवरच्या जुन्या विनोदी मालिका, म्हणजे सिटकॉम, घरी जमवणाऱ्या माणसाकडे लोक सहसा कौतुक आणि कीव यांच्या मिश्रणातून बघतात. कॅसेटींनी भरलेली कपाटं, हातानं लिहिलेल्या चिठ्ठ्या, एकाच मालिकेचे तीन तीन संच. हौसेला मोल नाही, असं म्हणून विषय संपवला जातो. माझं म्हणणं असं की या हौसेला मोल आहे, आणि ते स्मरणरंजनाचं नाही. सिटकॉमची एकच अशी पक्की, अखेरची संहिता फार क्वचित अस्तित्वात असते. ती आपल्यापर्यंत येते ती पाठभेदांच्या रूपात: एका पाठात चार मिनिटं कमी, दुसऱ्यात गाणं वेगळं, तिसऱ्यात हशाच नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं १९१९मध्ये हाती घेतलेली आणि १९६६मध्ये पुरी केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १,२५९ पोथ्या धुंडाळून सिद्ध झाली. ज्यांनी आपापल्या घरी त्या पोथ्या नकलून, बासनात बांधून ठेवल्या होत्या त्यांना आपण पाठचिकित्सेची सोय करतोय हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. घरच्या व्हीसीआरवर मालिका उतरवून घेणारे त्याच जातीचे. विनोदी मालिकेला महाभारताशेजारी बसवणं कुणाला चावटपणा वाटेल. पण इथे तुलना ग्रंथांच्या थोरवीची नाही, प्रतींच्या अवस्थेची आहे.

मुळात या मालिका टिकाव्यात म्हणून कुणी केल्याच नव्हत्या. अमेरिकेत १९४७मध्ये ड्यूमाँट वाहिनीवर सुरू झालेली ‘मेरी के अँड जॉनी’ ही तिथली पहिली सिटकॉम मानली जाते, आणि ती जवळपास सगळी नाहीशी झाली आहे. त्या काळी कार्यक्रम स्टुडिओतून थेट जात. दूरच्या केंद्रांसाठी प्रत हवी असेल तर मॉनिटरच्या काचेसमोर फिल्मचा कॅमेरा लावून चित्र टिपत. त्याला किनेस्कोप म्हणत, आणि ते दिसायचंही काचेवरून टिपल्यासारखंच, धुरकट. ड्यूमाँट १९५६मध्ये बंद पडली. तिच्याकडच्या फिल्मा पुढे ट्रकांत भरून न्यूयॉर्कच्या खाडीत बुडवल्या, अशी हकीकत अभिनेत्री ईडी अॅडम्स यांनी १९९६मध्ये अमेरिकी लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या सुनावणीत सांगितली. ही साक्ष ऐकीव आहे हे खरं, पण फिल्मा उरल्या नाहीत हेही तितकंच खरं.

याला मोठा अपवाद ‘आय लव्ह लूसी’चा. १५ ऑक्टोबर १९५१ रोजी सीबीएस वाहिनीवर सुरू झालेली ही मालिका ३५ मिलिमीटर फिल्मवर, तीन कॅमेऱ्यांनी, समोर प्रेक्षक बसवून चित्रित झाली. कारण साधं, घरगुती म्हणावं असं होतं. लुसील बॉल आणि डेसी आर्नाझ या नवरा-बायकोला हॉलिवूड सोडून न्यूयॉर्कला बिऱ्हाड हलवायचं नव्हतं, आणि प्रायोजक असलेल्या फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीला पूर्वेकडच्या ग्राहकांना धुरकट किनेस्कोप दाखवायचं नव्हतं. फिल्मचा जादा खर्च निघावा म्हणून दोघांनी मानधनात कपात सोसली आणि बदल्यात भागांची मालकी मागून घेतली. मालकी देणाऱ्यांना त्यात काही गमावल्यासारखं वाटलं नाही. एकदा दाखवलेल्या भागाला दुसऱ्यांदा काय किंमत येणार? १९५७मध्ये त्याच सीबीएसनं ते भाग सुमारे ५० लाख डॉलर मोजून परत घेतले. म्हणजे विनोदी मालिका ही जपून ठेवण्याजोगी मालमत्ता आहे हा शोध कलेच्या प्रेमातून नाही, हिशेबातून लागला.

तरीही ज्यांची फिल्म सुरक्षित राहिली त्या ‘लूसी’चा पाठ तरी शुद्ध राहिला का? मुळात मालिका सुरू व्हायची ती व्यंगचित्रातल्या लूसी आणि तिचा नवरा रिकी यांच्या काडीसारख्या बाहुल्यांनी, आणि त्या बागडायच्या प्रायोजकाच्या सिगारेटच्या पाकिटाभोवती. पुनःप्रसारणात प्रायोजक गेला, पाकीट गेलं, आणि सॅटिनच्या कापडावर बदामाची आकृती आली. तो बदाम इतका रुळला की पुढच्या पिढ्यांना तीच मूळ सुरुवात वाटते. शिवाय पुनःप्रसारण करणाऱ्या स्थानिक केंद्रांना जाहिरातींना जागा हवी होती. पन्नाशीच्या दशकातला साधारण २५-२६ मिनिटांचा भाग कापत कापत २२ मिनिटांच्या आसपास आणला गेला. कापायचं काय? कथानकाला हात लावता येत नाही, म्हणून जातात ते विराम, वळून बघणं, दारातून पुन्हा आत डोकावणं. विनोदाचा सगळा कस तिथेच असतो, हे कात्री चालवणाऱ्याच्या गावी नव्हतं. आणि मालिका मुळात ज्या नमुना भागावर मंजूर झाली तो भाग तर कंपनीकडे नव्हताच. त्याची प्रत डेसीनं पेपीतो नावाच्या विदूषकाला भेट दिली होती. ती त्याच्या घरात तशीच पडून राहिली आणि शेवटी १९९०मध्ये सीबीएसवर झळकली. कंपनीच्या तिजोरीत जे नव्हतं ते एका कलावंताच्या घरातल्या सामानात होतं.

ब्रिटनमध्ये हाच प्रकार सरकारी इतमामानं झाला. बीबीसीनं साठ-सत्तरच्या दशकांत व्हिडिओटेपा पुसून पुन्हा वापरल्या. टेप महाग होती. कलावंतांच्या संघटनांशी झालेल्या करारांमुळे पुनःप्रसारणावर मर्यादा होत्या. रंगीत टीव्ही आल्यावर कृष्णधवल भागांना गिऱ्हाईक नव्हतं. त्या त्या वेळी त्या त्या खात्यातल्या माणसानं घेतलेला निर्णय कागदावर बिनतोड होता, आणि अशा बिनतोड निर्णयांतूनच विनोदी नट टोनी हॅनकॉकच्या मालिकेचे कितीतरी भाग गेले. १९६८मध्ये सुरू झालेल्या ‘डॅड्स आर्मी’च्या दुसऱ्या वर्षातले तीन भाग आजही सापडलेले नाहीत. आणखी दोन गेले होते. ते २००१मध्ये परत आले, टाकून दिलेल्या रिळांतून कुणीतरी उचलून घरी ठेवले होते म्हणून. ‘स्टेप्टो अँड सन’ची तऱ्हा तर याहून चमत्कारिक आहे. तिचे १९७०चे रंगीत भाग आज बहुतेक कृष्णधवलच बघायला मिळतात, कारण उरलेल्या प्रती लेखक गॅल्टन आणि सिम्पसन यांच्याकडच्या साध्या व्हिडिओयंत्रावर उतरवून घेतलेल्या. प्रक्षेपण रंगीत, पोथी बिनरंगी. पण आहे ती हीच.

इथे एक आक्षेप घेतला जातो, आणि तो फेटाळून चालणार नाही. कुणाच्या मालकीची वस्तू परवानगीशिवाय उतरवून ठेवणं ही शेवटी चोरीच नव्हे का? याचं उत्तर देताना बॉब मंकहाउस यांची आठवण काढावी लागते. हे ब्रिटनचे नावाजलेले विनोदवीर, आणि हाडाचे संग्राहक. फिल्मांच्या संग्रहावरून त्यांच्यावर वितरकांना फसवल्याचा खटला भरला गेला, लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात ते उभे राहिले आणि १९७९मध्ये निर्दोष सुटले. २००३मध्ये ते वारले. त्यांच्यामागे राहिलेल्या हजारो टेपांची पाहणी जुन्या टीव्हीसाठी झटणाऱ्या ‘कॅलिडोस्कोप’ या संस्थेनं केली, तेव्हा ज्यांच्या मूळ प्रती वाहिन्यांनीच नष्ट केल्या होत्या असे कार्यक्रम त्यात निघाले. ज्याला एकदा आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं, त्याच्याच कपाटाचा हा ठेवा. यातून सगळी नक्कल निर्दोष ठरते असं मी म्हणणार नाही. प्रती काढून जत्रेत विकणाऱ्याला इतिहासकाराचा अंगरखा चढवण्यात अर्थ नाही. पण मालकी आणि सांभाळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मालकानं सांभाळलं नाही तेव्हा कुणी सांभाळलं एवढं तरी नोंदवायला हवं.

अमेरिकेत सर्वसामान्य माणसाच्या हाती नक्कल करायचं साधन आलं ते १९७५मध्ये, सोनीच्या बीटामॅक्सबरोबर. पहिली कॅसेट तासाभराची. दोन वर्षांत तिथे व्हीएचएस आली, दोन तासांची; मग कॅसेट संथ चालवून त्याच फितीत सहा तास बसवायची सोय झाली. चित्र पाणचट व्हायचं, पण हिशेब मोहात पाडणारा होता: जाहिराती गाळल्या तर एका कॅसेटवर एखाद्या मालिकेचे पंधरा भाग. युनिव्हर्सल आणि डिस्नी यांनी १९७६मध्ये सोनीला कोर्टात खेचलं. १७ जानेवारी १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी सोनीच्या बाजूनं कौल दिला. मात्र त्या निकालाचा आधार होता तो कार्यक्रम सोयीच्या वेळी बघून घेण्याचा, बघून पुसून टाकण्याचा. कायम जपून ठेवणाऱ्याला न्यायालयानं उघड आशीर्वाद दिलेला नाही. संग्राहकानंही तो मागितला नाही. कॅसेटच्या पाठीवर डाव्या कोपऱ्यात नखाएवढी प्लास्टिकची पट्टी असे. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकानं ती मोडली की त्या कॅसेटवर यंत्र पुन्हा काही मुद्रित करत नसे. मोह झालाच तर त्या भोकावर सेलोटेप चिकटवायची, की झाली पाटी कोरी. बीबीसीच्या एका अख्ख्या खात्याला जो निर्णय पेलला नाही तो त्या नखाएवढ्या पट्टीत होता: पुसायचं की ठेवायचं.

आणि ठेवणाऱ्यांनी नुसतं ठेवलं नाही, ताडून पाहिलं. हे तपशिलात सांगण्याजोगं आहे. एकाच भागाला न्यूयॉर्कचं केंद्र एका जागी कात्री लावी, शिकागोचं दुसऱ्या. त्यामुळे दोन गावांतल्या दोघांनी टपालानं कॅसेटी बदलल्या की प्रत्येकाच्या प्रतीत दुसऱ्याकडे नसलेलं काहीतरी निघे. कुठल्या केंद्राचा पाठ लांब, कुणाकडे शेवटचा छोटा प्रसंग शिल्लक आहे, याच्या याद्या होऊ लागल्या. ‘द हनीमूनर्स’ या मालिकेच्या भक्तांनी तर एक मंडळच काढलं आणि त्याचं नाव असं लांबलचक ठेवलं की आद्याक्षरं जोडली की नायकाचं नाव, राल्फ, तयार व्हावं. या मालिकेचे १९५५-५६चे ३९ भाग तेवढे सगळ्यांना ठाऊक होते. त्याआधी राल्फ साकारणाऱ्या जॅकी ग्लीसननं आपल्या साप्ताहिक कार्यक्रमात याच पात्रांचे जे प्रवेश थेट सादर केले होते, त्यांचे किनेस्कोप त्यानं स्वतः जपून ठेवले होते. ते १९८५मध्ये बाहेर आले आणि पुढे कॅसेटवर विक्रीलाही आले. ३९ भाग पुन्हा पुन्हा बघून ज्यांना ते तोंडपाठ झाले होते, असा गिऱ्हाईक वर्ग तयार नसता तर धुरकट, कच्च्या, मधेच वाक्य विसरलेल्या नटांच्या या प्रवेशांना बाजारात कोण विचारणार होतं?

कंपन्यांनी स्वतः दुकान मांडलं तेव्हा काय झालं, हे मात्र उलट्या बाजूनं पाहण्यासारखं आहे. कॅसेटच्या काळात कोलंबिया हाउससारख्या टपाली कंपन्या दरमहा एक कॅसेट पाठवत, तीत तीन-चार भाग. ‘लूसी’चे १८० भाग पुरे करायचे तर भिंत अडवणारं कपाट हवं. डीव्हीडीनं जागेचा प्रश्न सोडवला, आणि अख्ख्या वर्षाचा संच एका डब्यात मिळू लागला. काही संच खरोखर चिकित्सक आवृत्तीच्या तोडीचे निघाले. ‘मॅश’चं उदाहरण घ्या. कोरियातल्या युद्धात जखमींवर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांची ही मालिका सीबीएसवर १९७२ ते १९८३ अशी चालली. तिच्यात मागून जोडलेला मुद्रित हशा नको, असं कर्त्या मंडळींचं म्हणणं. हवाच, असं वाहिनीचं. तडजोड अशी की शस्त्रक्रियेच्या खोलीतल्या दृश्यांना हशा लावायचा नाही. ब्रिटनमध्ये बीबीसीनं ती हशाविनाच दाखवली. म्हणजे अटलांटिकच्या दोन्ही तीरांवर दोन वेगळ्या ‘मॅश’ वाढल्या, एक खेळकर, एक बरीच उदास. २००२पासून निघालेल्या डीव्हीडीत रिमोटच्या एका बटणावर हशा चालू-बंद करायची सोय दिली गेली. दोन्ही पाठ समोरासमोर, निवड वाचकाची. संपादकानं याहून जास्त काय करायचं!

पण सगळेच डबे इतके प्रामाणिक नव्हते. ‘डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी’ ही १९७८ ते १९८२ची मालिका एका रेडिओ केंद्राची गोष्ट सांगते, आणि रेडिओ केंद्रात गाणी वाजणारच. त्या काळी व्हिडिओटेपवरच्या कार्यक्रमाला गाण्यांचे हक्क स्वस्तात मिळत, म्हणून मालिका टेपवर केली आणि खरी, लोकांच्या ओठांवरची गाणी वापरली. हक्कांची मुदत संपली. पुनःप्रसारणात गाण्यांच्या जागी कुणाचंच नसलेलं संगीत आलं, आणि २००७मध्ये पहिल्या वर्षाची डीव्हीडी निघाली तीत बहुतेक गाणी बदललेली होती. एका भागात केंद्राचा साहेब पिंक फ्लॉइडचं गाणं ऐकून, यात कुत्री भुंकतायत का, असं विचारतो. गाणं काढलं तर तो प्रश्न हवेत लोंबकळतो. २०१४मध्ये शाउट फॅक्टरी या कंपनीनं खटपट करून पुष्कळशी गाणी परत मिळवली, सगळी नाही. मधल्या काळात मालिका मूळ रूपात ऐकायची तर १९७८ साली कुणीतरी बटण दाबून ठेवलेली कॅसेट, एवढाच मार्ग. ‘फ्रेंड्स’मध्ये उलटा प्रकार आहे. तिच्या डीव्हीडीत प्रक्षेपणात नसलेली जादा दृश्यं घातली होती. २०१२च्या ब्लू-रेमध्ये ती पुन्हा नाहीत. आता प्रक्षिप्त काय आणि मूळ काय? आणि ‘मेरी टायलर मूर शो’सारख्या नावाजलेल्या मालिकेचा पहिला संच २००२मध्ये आला, पुरेसा खपला नाही, म्हणून दुसऱ्यासाठी लोकांना २००५ची वाट पाहावी लागली. डब्यावर ‘संपूर्ण’ हा शब्द छापायला शाई पुरते, मजकूर पुरेल याची हमी नाही.

आता सगळं ऑनलाइन असताना हा पसारा कशाला, हा आजचा आक्षेप. त्याला खड्ड्याचं उत्तर वर दिलंच आहे. पण प्रश्न केवळ छाटणीचा नाही. जून २०२०मध्ये वंशभेदाच्या मुद्द्यावरून ‘थर्टी रॉक’चे चार भाग स्ट्रीमिंग सेवांवरून उतरवले गेले, ‘फॉल्टी टॉवर्स’चा एक भाग त्याच महिन्यात एका ब्रिटिश सेवेनं काढला आणि ओरड झाल्यावर परत ठेवला. ते भाग आक्षेपार्ह होते की नव्हते यावर वाद होऊ शकतो, व्हायलाही हवा. मात्र वादासाठी भाग समोर असावा लागतो. ग्रंथालयातून पुस्तक काढलं तर फळीवर मोकळी जागा दिसते. स्ट्रीमिंगच्या यादीत मोकळी जागाही दिसत नाही, यादी आपोआप मिटून घेते.

संग्राहकांच्या बाजूनं इतकं बोलल्यावर त्यांच्या मर्यादाही मांडायला हव्यात. १९७५च्या आधीचं जे थेट हवेत विरलं ते त्यांना वाचवता येणं शक्य नव्हतं. त्यांच्या कॅसेटींवर बहुतांशी आहे ते पुनःप्रसारण, म्हणजे आधीच कापलेला पाठ. आवडीचं तेवढं उतरवायचं या खाक्यामुळे ‘लूसी’च्या प्रती शेकड्यांनी आणि नावडत्या मालिकेची एकही नाही. फितीवरचं चुंबकीय लेपण झिजतं. सीमा ओलांडणंही सोपं नव्हतं: अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी माणसानं तिकडे हौसेनं मुद्रित केलेली कॅसेट पुण्या-मुंबईतल्या साध्या व्हीसीआरवर घातली तर चित्र धड उमटत नसे, कारण तिकडची पद्धत एनटीएससी आणि आपली पाल. आपल्याकडे तर साधन पोचायलाच उशीर झाला. सत्तरच्या दशकात मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांचे चिमणराव-गुंड्याभाऊ घराघरांत शिरले, तेव्हा त्या घरांत व्हीसीआर असणं ही गोष्टच विरळा होती. कुणी किती हौशी असलं तरी उतरवून घेणार कशावर?

आणि एक चूक संग्राहकांनी बहुतेक सगळ्यांनीच केली, तीही नीटनेटकेपणाच्या भरात. जाहिरात लागली की पॉजचं बटण, संपली की पुन्हा. त्यांच्या लेखी जाहिरात म्हणजे पिकातलं तण. पण तो भाग कुठल्या साली, कुठल्या साबणाच्या आणि कुठल्या निवडणुकीच्या मधे बसून लोकांनी पाहिला, हे सांगणारी खूण तीच होती. आज अभ्यासक अशा कॅसेटी शोधत असतात, जिथे बोट चुकलं आहे, किंवा रात्री उशिराचा भाग लावून माणूस खुर्चीतच झोपी गेला आहे: विनोद संपतो, टूथपेस्ट येते, स्थानिक बातम्या येतात, हवामान सांगितलं जातं, आणि सहा तासांची फीत संपेपर्यंत ते केंद्र तसंच चालू राहतं.